उन्हाळ्यात काँक्रीटचा माल घमेल्यातच आखडतो? सिमेंटच्या बोरीला शिव्या देण्याआधी हे तपासा

एप्रिल लागला की माझ्या फोनवर एकच तक्रार येते. "भाऊ, माल बसून राहिला. सिमेंट नकली दिसते." वणी, मारेगाव, कोरपना, राजुरा, कुठूनही फोन येवो, वाक्य तेच. मी विचारतो, "किती वाजले आता?" उत्तर येतं साडेअकरा, बारा. मग पुढे विचारायला फारसं काही उरत नाही.

आपल्याकडे घरकुलाचा हप्ता हाती पडला की गाठीचे थोडे घालून लोक स्लॅबच्या मागे लागतात. मृगाआधी छत पडलं पाहिजे, हा हिशेब बरोबरच आहे. पण त्यामुळे घराचं सगळ्यात नाजूक काम नेमकं ४५ अंशांत होतं, आणि दोष येतो बोरीवर. गेल्या काही वर्षांत असे बरेच स्लॅब मी पाहिले. नकली किंवा खराब सिमेंट त्यांत बोटावर मोजण्याइतकं निघालं. बाकी सगळीकडे एकच गोष्ट कोणी मोजली नव्हती, ती म्हणजे तापमान.

आधी लक्षणं

टाकताना: मिक्सरमधून सुटलेला माल मऊ असतो, पण वर पोचेपर्यंत खडखडीत होतो. थापी ओढली की गिट्टी उघडी पडते. वरचा मजूर कोणाला न सांगता डबाभर पाणी मारतो.

त्याच संध्याकाळी: पृष्ठभागावर हात-दीड हात लांबीच्या, जवळपास समांतर भेगा. किंवा उन्हाळ्यात काळ्या रानाला पडते तशी बारीक जाळी.

आठवड्याने: स्लॅबवर चाललं की चपलेला पांढरी भुकटी लागते. खिळ्याने ओरखडलं तर खोल रेघ उठते.

पहिल्या पावसात: आतून छताला सरळ रेषेत ओल धरते, आणि ती रेष जिथे सगळे जेवायला उतरले होते तिथेच असते.

एक उलटं लक्षणही आहे. दुसऱ्या दिवशी सकाळीही बोट रुततं, माल बसतच नाही. त्याची दोन कारणं आहेत, एक थंडीचं आणि एक गोडाचं. दोन्ही पुढे येतील.

भिंतीला खालून वर पायऱ्यांसारखे तिरपे तडे जात असतील, तर हा लेख तुमच्यासाठी नाही. तो काळ्या मातीचा आणि पायव्याचा आजार आहे. स्लॅबवर कितीही पाणी मारा, तो बरा होणार नाही.

सिमेंट वाळत नाही

लोक म्हणतात "माल वाळला". सिमेंट वाळून कडक होत नाही, पाणी पिऊन होतं. सिमेंटमधले कॅल्शियमचे सिलिकेट पाण्याशी जुळतात, त्यातून कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट नावाचा डिंकासारखा पदार्थ तयार होतो, आणि तोच रेती-गिट्टीला धरून ठेवतो. या जुळणीत उष्णता सुटते. आणि कुठल्याही अशा क्रियेसारखी हीसुद्धा उष्णतेने धावते. ढोबळ हिशेब असा की दर १० अंशांना वेग दुप्पट. प्रयोगशाळेत सिमेंटची चाचणी होते २७ अंशांना. तिथे जे सिमेंट तीन तास घेतं, ते ४७ अंशांच्या मालात पाऊण तासात उरकू पाहतं. बोरी तीच, कंपनी तीच.

बरं, लवकर बसलं तर बिघडलं कुठे? तेही सांगतो. घाईने तयार झालेला डिंक सिमेंटच्या कणाभोवती दाट कवच धरतो, आणि पाणी आतल्या भागापर्यंत पोचत नाही. मोठ्या जाळावरच्या भाकरीसारखं, वरून करपलेली, आतून कच्ची. म्हणून उन्हातला स्लॅब पहिल्या दोन-तीन दिवसांत टणक वाटतो आणि मालक खूश होतो. पण २८ दिवसांनी तोलून पाहिलं तर बेताच्या तापमानात टाकलेला स्लॅब त्याच्या पुढे गेलेला असतो.

हे मी शिकलो कुठे

गावी परतण्याआधी काही वर्षं मी गुजरातेत तेलाच्या विहिरींवर सिमेंटिंगच्या गाडीवर होतो. विहीर खोदताना लोखंडी पाइप सोडतात आणि पाइप व खडक यांच्यामधल्या पोकळीत सिमेंटचा घोळ पंपाने खालून वर चढवतात. गिट्टी नाही, रेती नाही, नुसतं सिमेंट, पाणी आणि औषधं. खाली काय चाललंय ते दिसत नाही, हात घालता येत नाही, आणि घोळ पाइपातच बसला तर कोट्यवधींचं काम अडकतं.

जमिनीत दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश तापमान वाढतं. तीन किलोमीटर खाली पाणी उकळेल इतकी गरमी असते. फक्त दाबामुळे ते उकळत नाही. दाब किती? घोळाची घनता पाण्याच्या १.९ पट धरली तर तीन हजार मीटरांवर दर चौरस सेंटिमीटरला ५७० किलोच्या आसपास. दाबसुद्धा सिमेंटला घाई करतो. सिमेंट आणि पाणी मिळून जे बनतं, त्याला दोघांच्या बेरजेपेक्षा थोडी कमी जागा लागते, म्हणून दाब क्रियेला त्याच बाजूला रेटतो. पण तापमानापुढे दाबाचा जोर फार कमी. तिथले जुने लोक एवढंच सांगायचे: दाब विसरलास तर चूक होईल, तापमान विसरलास तर विहीर जाईल.

म्हणून तिथे अंदाजावर काहीच चालत नाही. प्रत्येक कामाआधी घोळाचा नमुना एका बंद भांड्यात घालून खाली असेल तेवढंच तापमान आणि तेवढाच दाब हळूहळू चढवतात, आणि तो किती वेळ पंपाने ढकलण्याजोगा राहतो ते बघतात. तेलविहिरींच्या 'जी' वर्गाच्या सिमेंटची ठरलेली चाचणी ५२ अंश आणि सुमारे ३६ मेगापास्कल (दर चौरस सेंटिमीटरला ३६० किलोच्या आसपास) दाबाला होते. त्यात घोळ ९० ते १२० मिनिटांत घट्ट झाला पाहिजे, अलीकडे नाही, पलीकडे नाही. त्याहून खोल आणि गरम विहीर असेल तर बसणं लांबवणारं औषध घालतात. तापमान ११० च्या वर गेलं की आणखी एक भानगड: सिमेंट आधी ताकद धरतं आणि मग गमावतं. तो डिंकच दुसऱ्या, सच्छिद्र रूपात बदलतो. त्यावर उपाय म्हणून सिमेंटच्या वजनाच्या ३५ ते ४० टक्के सिलिकाची बारीक पूड मिसळतात.

घराच्या छताला ११० अंश कधी दिसत नाहीत आणि दाब तर नाहीच. पण पहिला प्रश्न तोच: मालाचं तापमान किती? आपल्याकडे तो कोणी विचारतच नाही.

(कोणी तुम्हाला "तेलविहिरीचं स्पेशल सिमेंट" म्हणून जास्त भावाने काही विकायला आला तर चहा पाजून वाटेला लावा. ते जास्त मजबूत नसतं, वेगळ्या कामाचं असतं. बोअरवेलच्या पाइपाभोवती भरायलाही त्याची गरज नाही. २०० मीटरांच्या बोअरला तापमान वरच्यापेक्षा जेमतेम पाच-सहा अंश जास्त असतं.)

तपासण्या, फुकटपासून पुढे

घड्याळ आणि थर्मामीटर. आधी वेळ लिहा. मिक्सरमध्ये पाणी कधी पडलं, माल वर कधी पोचला, आखडला कधी. पाण्याचा पहिला थेंब पडला तिथून मोजायचं, मिक्सर रिकामा झाला तिथून नाही. मग काचेचा किंवा साधा डिजिटल थर्मामीटर (ताप बघायचा नको, तो ४२ ला संपतो) घमेल्यातल्या मालात दोन मिनिटं रुतवून ठेवा. भारतीय मानकांत ४० अंशांच्या वरचं काम 'गरम हवामानातलं काम' धरतात आणि त्याचे नियम वेगळे आहेत. आकडा ४० च्या वर दिसला तर तुमचं उत्तर बहुतेक सापडलं. तरी पुढचं वाचा, कारण तो खाली कसा आणायचा ते तिथे आहे.

पाण्याची टाकी. छपरावरच्या काळ्या प्लास्टिकच्या टाकीतलं दुपारचं पाणी हाताला चटका देतं. त्याच पाण्यात लोक माल कालवतात, कारण नळ तिथे जवळ असतो. विहिरीचं किंवा बोअरचं ताजं उपसलेलं पाणी मे महिन्यातही २७-२८ अंशांच्या आसपास असतं. ते थेट मिक्सरवर आणा. पाइप उन्हात पडलेला असेल तर पहिलं गरम पाणी सोडून द्या. खर्च शून्य.

पाणी मोजलं का? सगळ्यात जास्त स्लॅब इथे मरतात. माल आखडला की मजूर पाणी वाढवतो, माल पुन्हा हलतो, सगळ्यांना बरं वाटतं. पण एम-२० या दर्जाच्या काँक्रीटच्या साध्या मिश्रणाला ५० किलोच्या बोरीमागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी, असं मानक सांगतं, आणि रेतीत आधीपासून असलेली ओलही त्यातच धरायची. २७ लिटरांत होणाऱ्या मालात ५ लिटर वरून पडले तर ताकदीचा पाचवा हिस्सा तरी गेलाच समजा. शिवाय जादा पाणी नंतर उडून जातं आणि मागे भुकटी आणि भेगा ठेवतं. म्हणून बादली ठरवा, तिच्यावर रंगाने खूण करा, आणि स्लॅबवर पाण्याचा डबा ठेवूच नका. वर पाणी दिसलं की हात शिवशिवतो.

एका ठिकाणी मिस्त्रीकाका मला म्हणाले, "इतक्या कोरड्या मालात काम नाही होत जी. तीस वर्षं झाली मले." मी म्हटलं, काका, आजच्यापुरतं सकाळी पाचला लावू. पाचला तोच माल, तेवढ्याच पाण्यात, दहीभातासारखा पसरला. त्यानंतर काका मला काही बोलले नाहीत, पण त्यांच्या पुढच्या कामाला मजूर पहाटे चारला निघाले होते, असं नंतर कळलं.

दोन वड्यांची परीक्षा. सिमेंट खराब की हवा गरम, हे ओळखायला याहून स्वस्त काही नाही. बोरीतलं मूठभर सिमेंट घ्या, विहिरीच्या थंड पाण्यात कणकेसारखं मळा, काचेवर किंवा टाइलच्या तुकड्यावर दोन सारख्या वड्या थापा. एक सावलीत ओल्या फडक्याखाली, एक उन्हातल्या टिनावर. दर दहा मिनिटांनी नखाने दाबा.

सावलीतली वडी अर्ध्या तासानंतरही मऊ आणि उन्हातली कडक झाली, तर बोरी निर्दोष आहे. मानकाप्रमाणे सिमेंटने बसायला किमान ३० मिनिटांनी सुरुवात करावी आणि दहा तासांच्या आत पूर्ण बसावं. सावलीतलीही पाच-सात मिनिटांत आखडली तर ती मोडून पाण्याचा थेंबही न घालता पुन्हा मळा. मळल्यावर मऊ झाली आणि मग नीट बसली, तर ते खोटं बसणं. गिरणीत दळताना सिमेंट जास्त तापलं की त्यातल्या जिप्समचं पाणी उडतं आणि असं होतं. अशा मालाला मिक्सरमध्ये दोन मिनिटं जास्त फिरवलं की काम भागतं. पुन्हा मळूनही दगडच राहिली, तर मात्र ती बोरी बाजूला ठेवा आणि दुकानदाराला बोलवा. सगळ्या तपासण्यांत बोरीला शिव्या द्यायचा हक्क तुम्हाला इथे मिळतो.

बोरीवरचं वाचा. प्रकार कोणता, पीपीसी की ओपीसी, आणि कोणत्या आठवड्यात भरली. ओपीसी म्हणजे राख नसलेलं साधं सिमेंट, पीपीसीत औष्णिक केंद्राची राख असते. पीपीसी सावकाश बसतं आणि उष्णता कमी सोडतं, म्हणून उन्हाळ्याच्या स्लॅबला मला तेच बरं वाटतं. ५३ ग्रेडचं ओपीसी "जास्त पावर" म्हणून मे महिन्यात आणणारे माझ्या डोक्यात जातात. तीन महिन्यांहून जुनी बोरी, हाताने न फुटणारे गोळे, असं असेल तर ती स्लॅबला वापरू नका.

आमच्या भागात अजून एक समज आहे. घुग्घूस, गडचांदूर, आवारपूरचे सिमेंट कारखाने जवळ, त्यामुळे बोरी कधी कधी कारखान्यातून कोमटच येते, आणि लोक म्हणतात गरम बोरीनेच माल बसला. बोरी १० अंशांनी जास्त गरम असेल तर मालाचं तापमान जेमतेम एका अंशाने वाढतं, कारण मालात सिमेंटचं वजन थोडं. खरी गरमी दुसरीकडून येते.

गिट्टी आणि रेती. हा तो दुसरीकडचा भाग. एका बोरीमागे २५० किलोच्या आसपास रेती-गिट्टी जाते, आणि ती आठवडाभर उघड्यावर तापलेली असते. हिशेब करून बघा. गिट्टी-रेती ५० अंश, सिमेंट ४५, टाकीतलं २७ लिटर पाणी ४५ अंश: माल निघतो ४८ अंशांचा. फक्त पाणी विहिरीचं घेतलं, २७ अंशांचं, तर ४३. पाणी तेच गरम ठेवून फक्त गिट्टी-रेती ३४ वर आणली तर साडेअडतीस. दोन्ही केलं तर ३३. दोन्ही करायचं, एवढंच लक्षात ठेवा. ४८ च्या मालाला आणि ३३ च्या मालाला एकच नाव देणंसुद्धा चूक आहे.

गिट्टी थंड कशी करायची? रात्री ढिगावर पाणी मारा, वर ओला बारदाना टाका, जमलं तर हिरव्या जाळीची सावली करा. पाणी उडताना गिट्टीची गरमी घेऊन जातं, माठासारखं. सकाळी ढिगाच्या तळाशी साचलेल्या पाण्यातली गिट्टी शेवटी घ्या आणि ओलीचा अंदाज घेऊन बादलीतलं पाणी कमी करा. नाहीतर इथे कमावलेलं तिथे गमावलं.

बर्फ? चालतो. २७ किलो पाण्यापैकी ५ किलो बर्फ दिला तर माल अजून साडेपाच-सहा अंशांनी उतरतो. पण तो फोडून, मिक्सरमध्ये पूर्ण विरघळला पाहिजे. स्लॅबमध्ये बर्फाचा खडा गेला तर तिथे पोकळी राहणार. गावात लादी आणून, फोडून, वेळेवर पुरवणं हे लग्नाच्या पंगतीइतकंच काम आहे. त्यापेक्षा पहाटे उठा.

पाणी कुठलं? अकोला, अमरावती, बुलडाण्याकडे पूर्णेच्या काठचा खारपाणपट्टा ज्यांनी पाहिलाय त्यांना हे सांगायला नको. तिथल्या बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. खारट पाण्यातलं क्लोराइड सिमेंटला घाई करतं आणि पुढे सळीला गंज लावतं, आणि गंज चढलेली सळी फुगून छताचा खालचा थर पाडते. सळीच्या कामाला पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या वर क्लोराइड चालत नाही. पाणी खारट लागतं म्हणजे तपासून घ्या. पाणीपुरवठ्याच्या जिल्हा प्रयोगशाळेत तपासणी होते. तोवर टँकर आणा, पण नदीचा किंवा गोड विहिरीचा.

आता ते गोडाचं कारण. झरीकडच्या एका गावात स्लॅबचा एक कोपरा दोन दिवस बसलाच नाही. बाकी स्लॅब ठणठणीत. सिमेंट तेच, मिस्त्री तोच, हवा तीच. मी विचारलं, पाणी कोणत्या ड्रममधलं? आधी कोणी बोलेना. मग एक म्हातारी हसली. त्या निळ्या ड्रममध्ये मोहफुलाचा सडवा होता आदल्या आठवड्यापर्यंत. नुसता हिसळून त्यात पाणी भरलं होतं. साखर सिमेंटची हाडवैरी आहे. सिमेंटच्या वजनाच्या हजारात अर्धा भाग साखरसुद्धा बसणं तासन्‌तास लांबवते. तेलाच्या विहिरीवर आम्ही साखरेची पोती मुद्दाम ठेवायचो. जादा घोळ वर आला आणि टाक्यांत बसायला लागला की त्यात साखर टाकायची, म्हणजे तो धुऊन काढता येतो. गुळाचा, मळीचा, सरबताचा, मोहाचा ड्रम मिक्सरजवळ फिरकू देऊ नका. त्या कोपऱ्याचं पुढे काय झालं? टेकू न हलवता ओला ठेवला. पाचव्या दिवशी बसला. तरी मालकाला मी इंजिनिअरकडून बघून घ्यायला लावलं, आणि ते बरंच झालं, कारण एक हात रुंदीचा भाग फोडून पुन्हा भरावा लागला.

सेंट्रिंग, वारा आणि तराई (टाकलेला स्लॅब ओला ठेवणं). माल ३३ अंशांचा करून ६० अंशांच्या लोखंडी प्लेटवर ओतला तर काय उपयोग? टाकण्याआधी प्लेटा आणि सळ्यांवर पाणी शिंपडा, पण डबकं राहू देऊ नका. वारा असेल तर वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री बांधा. मे महिन्यातली कोरडी लू चौरस मीटरमागे तासाला लिटरभर पाणी उडवू लागली की संध्याकाळच्या त्या समांतर भेगा ठरलेल्याच.

भेगा दिसल्या आणि माल अजून अंगठ्याने दबतोय, तर घाबरू नका. रंधा किंवा लाकडी थापी दाबून पुन्हा फिरवा, त्या मिटतात. माल कडक झाल्यावर वरून सिमेंटचं पाणी ओतून त्या फक्त दिसेनाशा होतात.

पृष्ठभागावरची ओली चकाकी गेली की लगेच ओला बारदाना किंवा प्लास्टिक. "उद्या सकाळी तराई सुरू करू" हे वाक्य उन्हाळ्यात चालत नाही. तो पहिला दिवसच सगळ्यात महत्त्वाचा. माल बसल्यावर मातीचे बांध घालून पाणी साठवा. काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस ४५६ मध्ये, गरम कोरड्या हवेत किमान १० दिवस दिलेत, आणि पीपीसीसारख्या राखेच्या सिमेंटला १४ दिवसांची शिफारस आहे. मी १४ च धरतो. दिवसातून तीनदा पाइप फिरवणं म्हणजे तराई नव्हे. दुपारी दोन तास कोरडा पडलेला स्लॅब त्या दोन तासांत जेवढं गमावतो ते संध्याकाळच्या पाण्याने भरून येत नाही. आणि भर उन्हात तापलेल्या, कोरड्या स्लॅबवर एकदम थंड पाण्याचा फवारा मारू नका. त्या धक्क्यानेही भेगा पडतात.

जेवणाची रेष. पहाटे पाचला सुरू करून दहाच्या आत संपेल एवढाच भाग घ्या. नसेल संपत तर संध्याकाळी पाचनंतर सुरू करून रात्री दिव्यावर संपवा. मधे थांबायचंच झालं तर मिस्त्रीला आधी सांगा आणि दोन आधारांमधल्या अंतराचे तीन भाग धरून मधल्या भागात थांबा, तुळईच्या तोंडाशी नको. पुन्हा सुरू करताना कड तारेच्या ब्रशने खरवडा, धुवा, सिमेंटचा घोळ फासा. मजुरांचं जेवण पाळीपाळीने द्या. एक पंगत कमी झाल्याने जेवढे छत वाचलेत तेवढे माझ्या सल्ल्याने वाचले नसतील.

एवढं सगळं करूनही काम लांबच असेल, माल दुरून येत असेल, तर बसणं लांबवणारं औषध मिळतं. पण मात्रा चुकली तर मोहाच्या ड्रमसारखीच गत होते. हे बोरीमागे झाकण मोजून घालायचं काम नाही. ते कंपनीच्या माणसाच्या किंवा इंजिनिअरच्या देखरेखीखालीच.

हिवाळ्याचं थोडक्यात

डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० च्या खाली जातो, तेव्हा सगळं उलट. माल सावकाश बसतो, पीपीसी तर आणखी सावकाश. तेव्हा ती काळी टाकी कामाची: दुपारच्या कोमट पाण्यात माल कालवा, काम सकाळी दहा ते दुपारी दोनमध्ये उरका, रात्री तणस किंवा बारदाना पसरा. टेकू काढायचे दिवस मानकात साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला ७ आणि त्याहून मोठ्याला १४ दिलेत, पण ते ओपीसीला आणि हवा १५ अंशांच्या वर असताना. गोंदिया-भंडाऱ्याकडच्या थंडीत पीपीसीच्या स्लॅबचे टेकू मी त्या हिशेबाने काढत नाही. सेंट्रिंगवाल्याचं भाडं चढलं तर चढू द्या.

इथे थांबा आणि इंजिनिअरला बोलवा

भेग वरून खालपर्यंत आरपार असेल, म्हणजे वर पाणी साठवलं की खाली थेंब दिसत असेल. भेग रोज रुंदावत असेल, किंवा तीत पोस्टकार्डाची कड शिरत असेल. टेकू काढल्यावर स्लॅब मधे झुकलेला दिसत असेल. गॅलरीच्या किंवा छज्ज्याच्या मुळाशी वरच्या बाजूला भेग असेल, कारण छज्जा आधी काही न सांगता पडतो. भेगेतून तांबूस पाणी येत असेल. कॉलममध्ये पोकळी दिसत असेल. किंवा दोन दिवसांनीही माल बोटाने दबत असेल.

यांपैकी एकही असेल तर प्लास्टर मारू नका, सिमेंट ओतू नका, उरलेले टेकू काढू नका, खाली झोपू नका. हे मिस्त्रीच्याही हातचं नाही आणि माझ्याही नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअर हातोडीसारख्या यंत्राने पृष्ठभागाची कठीणता बघतो, शंका वाटली तर स्लॅबचा गोल तुकडा कापून प्रयोगशाळेत दाबून पाहतो. आपल्या जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात विचारा. घरकुलाचं काम असेल तर पंचायत समितीच्या अभियंत्याला लेखी कळवा, तोंडी नाही.

ते येतील तेव्हा तीन गोष्टी विचारतील: सिमेंट कोणत्या आठवड्याचं, काम किती वाजता झालं, पाणी किती घातलं. म्हणून निदान दोन रिकाम्या बोऱ्या, छापलेली बाजू फाडू न देता, घडी करून ठेवा. परवा एका ठिकाणी इंजिनिअरने बोरी मागितली, तर तिच्यावर शेजारच्या अंगणात मिरच्या वाळत होत्या.